अलिबागच्या तोफेवरचं नाव

कुलाबा किल्ल्याला जायचं तर पुण्यातून किती वाजता निघायचं, हे समुद्र ठरवतो. अलिबागच्या किनाऱ्यासमोरच्या या किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला मात्र होडी लागते. आम्हाला चालत जायचं होतं, म्हणून मी फोनवर भरती-ओहोटीच्या वेळा शोधत बसलो होतो. तेवढ्यात बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले, "त्या दिवशी पंचमी आहे. पावणेचारला भरती, म्हणजे दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी."

कोकण किनाऱ्यावरचा हा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तिच्यात सहा तास आणि थोडी मिनिटं मिळवली की ओहोटी. माझ्या ॲपचं उत्तर फारसं वेगळं नव्हतं. मी ॲप बंद केलं.

पहाटे पाचला निघालो. आई, बाबा, ताई, भाऊजी, तिसरीतली भाची आणि मी. लोणावळा आलं तसं बाबांनी सांगायला सुरुवात केली. कान्होजी आंग्रे आधी ताराबाईंच्या बाजूचे. त्यांनी शाहू महाराजांच्या पेशव्यालाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, पकडून ठेवलं होतं. मग बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि १७१४ मध्ये इथेच, लोणावळ्याजवळ, त्यांनी लढाई न करता कान्होजींना शाहूंच्या बाजूला वळवलं. बाबांना ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात सगळेच जिंकतात.

खोपोलीला एक्स्प्रेसवे सोडला आणि पेण, वडखळ करत नऊला अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो. घोडागाड्या उभ्या होत्या, पण भाचीला पाण्यातून चालायचं होतं. घोट्याएवढ्या पाण्यातून, चपला हातात घेऊन निघालो.

किल्ल्याची तटबंदी जवळून पाहण्यासारखी आहे. मोठमोठे दगड एकावर एक रचलेत आणि सांध्यांत चुना भरलेला नाही. लाट आदळली की पाणी फटींमधून आत शिरतं, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि तटाला बसणारा धक्का कमी होतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये हा किल्ला बांधायला घेतला असं मानतात. पुढे कान्होजींनी त्याला आपलं मुख्य ठाणं केलं. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. कान्होजींचं म्हणणं असं की हे पाणी आमचं आहे, इथून जायचं तर आमचा दस्तक घ्या. पोर्तुगीजही आपल्या परवान्याशिवाय जहाजं फिरू देत नव्हते, पण त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही.

१७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन या किल्ल्यावर चालून आले. दोघांची मिळून सुमारे सहा हजारांची फौज होती आणि सोबत कमोडोर मॅथ्यूजची खास इंग्लंडहून आलेली आरमारी जहाजं. किल्ला पडला नाही. साताऱ्याच्या बाजूने मदतीला बाजीराव पेशव्यांचं घोडदळ आलं. पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रजांना हात हलवत परत जावं लागलं.

हे सगळं सांगत बाबा आम्हाला उत्तरेच्या तटाकडे घेऊन गेले. तिथे चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. बाबांनी एका तोफेवर हात ठेवला, भाचीला शेजारी उभं केलं आणि मला फोटो काढायला सांगितला. "याच तोफांनी कान्होजींनी इंग्रजांना पळवलं," ते तिला म्हणाले.

मी फोटो काढेपर्यंत भाची लोखंडावरची अक्षरं लावत होती. "आजोबा, यॉर्कशायर लिहिलंय. ते कुत्र्याचं नाव असतं ना?"

तोफांवर डॉसन, हार्डी, फील्ड आणि लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड असा मजकूर आहे. सालही आहे: १८४९. कान्होजी वारले १७२९ मध्ये. लो मूरचा कारखाना सुरू झाला तोच १७९१ मध्ये. म्हणजे ही तोफ कान्होजींनी पाहिली असण्याची शक्यताच नाही.

मी हे सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. भाचीने मात्र पुढचा प्रश्न विचारला. "मग इंग्रज हरले होते, तर त्यांची तोफ इथे कशी आली?"

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर पुण्यातून जातं. कान्होजींच्या मागे मुलांमध्ये भांडणं लागली. मानाजी कुलाब्याला राहिले, संभाजी आणि त्यांच्यानंतर तुळाजी दक्षिणेकडचे किल्ले घेऊन बसले. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, त्यांच्या मुलखाला त्रासही देत होते. नानासाहेब पेशव्यांनी त्यांचा बंदोबस्त करायला इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि बंदरात उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. हेच दोघं पुढच्या वर्षी बंगालमध्ये होते. तिथे प्लासी झाली.

म्हणजे १७२१ मध्ये आंग्र्यांच्या मदतीला जे पेशवे धावून आले, त्यांच्याच मुलाने पस्तीस वर्षांनी इंग्रजांना सोबत घेऊन आंग्र्यांचं आरमार बुडवलं. १८१८ मध्ये पेशवाई गेली. कुलाब्याचं छोटं संस्थान त्यानंतरही काही वर्षं टिकलं, मग वारस नाही म्हणून १८४० मध्ये इंग्रजांनी तेही खालसा केलं. या तोफा ओतल्या तेव्हा या किनाऱ्यावर त्यांच्याशी लढणारं कुणी उरलंच नव्हतं.

"एवढ्याशा पोरीला हे सगळं कशाला सांगायचं?" बाबा हळू आवाजात म्हणाले. "मोठी झाली की वाचेल."

मला त्यांचं पटतही होतं. माझ्या लहानपणी त्यांनीच मला किल्ले दाखवले आणि प्रत्येक किल्ल्यावर आपणच जिंकलो होतो. त्या गोष्टींमुळेच मी पुढे वाचायला लागलो. पण कान्होजी खरोखरच जिंकले होते. त्यासाठी यॉर्कशायरची तोफ उसनी घ्यायची गरज नाही, तट समोर उभा आहे. आणि ती तोफ कान्होजींची म्हटली की आपण कसे हरलो हा प्रश्नच नाहीसा होतो. भाचीला तो आठव्या वर्षी पडला होता. मला अठ्ठावीस वर्षांत पडला नव्हता.

मी तिला इतकंच सांगितलं, "घरातल्या भांडणात बाहेरच्याला बोलावलं. तो आला आणि परत गेलाच नाही."

"आमच्या वर्गात पण असं होतं," ती म्हणाली आणि पुष्करणीकडे पळाली.

राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेल्या सिद्धिविनायकाचं दर्शन घेतलं, आईने आणलेल्या दशम्या आणि चटणी खाल्ली आणि निघालो. पाणी चढायला लागलं होतं. येताना घोट्याला लागलेलं पाणी आता पोटऱ्यांपर्यंत होतं. बाबांनी भाचीला खांद्यावर घेतलं.

परतीच्या वाटेवर सगळे झोपले होते. लोणावळ्याच्या आसपास बाबांनी विचारलं, "तुळाजीचं पुढे काय झालं रे?"

"कैदेत गेले. मराठ्यांच्याच. सुटलेच नाहीत."

ते खिडकीबाहेर बघत राहिले.

रात्री घरी पोचल्यावर फॅमिली ग्रुपवर त्यांनी तोच फोटो टाकला. तोफेवर हात ठेवलेले ते आणि अक्षरांवर वाकलेली नात. खाली लिहिलं होतं, 'कुलाबा किल्ला, अलिबाग. तोफ इंग्रजांची, १८४९. तट आपला.'