धौलीच्या शिळेवरील स्वर्ग

सम्राट अशोकाने पाटलिपुत्रात एक नरक बांधविला होता, अशी कथा ‘अशोकावदाना’त आली आहे. गिरिक नावाचा क्रूर मनुष्य त्याचा अधिकारी होता. एका भिक्षूच्या मुखातून नरकयातनांचे वर्णन ऐकून त्याने त्याबरहुकूम छळाची साधने सिद्ध केली. पुढे समुद्र नावाच्या भिक्षूमुळे राजाचे मन पालटले व ते कारागृह पाडण्यात आले. फाहियान व ह्युएनत्संग यांनीही या नरकाची हकीकत नोंदविली आहे.

ही कथा इतिहास म्हणून स्वीकारता येणार नाही. धम्मस्वीकारापूर्वीचा अशोक जितका काळा रंगवावा, तितका नंतरचा उजळ दिसतो. अवदानकारांचा हेतू उघड आहे. तथापि या नरकात यमदूत नाहीत. तेथे राजाज्ञा आहे आणि राजाने नेमलेला अधिकारी आहे. कथाकाराने, कदाचित नकळत, नरक पृथ्वीवर आणून ठेवला.

शिलालेख काय सांगतात? कलिंगयुद्धात एक लक्ष माणसे मारली गेली, दीड लक्ष देशोधडीस लावली गेली, अशी कबुली तेराव्या लेखात आहे. परंतु खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथे, हा लेख कोरलेलाच नाही! तेथे दोन स्वतंत्र लेख आहेत. त्यांपैकी धौलीचा पहिला लेख तोसलीच्या न्यायाधिकारी महामात्रांना उद्देशून आहे. त्यात पश्चात्तापाची भाषा नाही, तर तुरुंगाची चौकशी आहे. एखाद्या मनुष्यास विनाकारण बंधन वा छळ सोसावा लागतो, हे राजाला ठाऊक आहे. असे का घडते, याची कारणेही तो देतो : मत्सर, शीघ्रकोप, निष्ठुरता, उतावळेपणा, अभ्यासाचा अभाव, आळस आणि थकवा. थकव्यानेही अन्याय होतो, हे ओळखणारा राजा आम्हांस इतिहासात क्वचितच भेटतो.

अशोकाने स्वर्गाची कल्पना टाकून दिली, असे आपल्या व्यासपीठांवरून कधी कधी सांगितले जाते. ते वस्तुस्थितीस धरून नाही. याच लेखात ‘स्वग’ हा शब्द आहे. कर्तव्य नीट बजावाल तर स्वर्ग मिळवाल आणि माझ्या ऋणातूनही मुक्त व्हाल, असे तो महामात्रांना बजावतो. मात्र येथे यज्ञ नाही, पुरोहित नाही. अधिकाऱ्याचा स्वर्ग निरपराध बंदिवानाच्या सुटकेशी बांधलेला आहे.

याची मर्यादाही नमूद केली पाहिजे. चौथ्या स्तंभलेखानुसार मृत्युदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची सवलत मिळे. मृत्युदंड रद्द झाला नव्हता.

धौलीचा हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, एकच श्रोता असला तरी वाचावा, अशी आज्ञा आहे. शिवाय अंमलबजावणी पाहण्यासाठी दर पाच वर्षांनी कठोर नसलेला, सौम्य वृत्तीचा महामात्र दौऱ्यावर पाठविला जावयाचा होता. उज्जयिनी व तक्षशिला येथून तर तीन वर्षांच्या आत.