वर्णनात्मक नोंदींची वाटचाल

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत वर्णनात्मक नोंदी, म्हणजे मुलाच्या प्रगतीविषयी शिक्षकाने शब्दांत लिहिलेले अभिप्राय, रूढ झाल्या त्या 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयामुळे. त्याआधी विज्ञानातील प्रगती मुख्यतः लेखी परीक्षेच्या गुणांवरून ठरे. व्याख्या, आकृत्या, ‘कारणे द्या’ यांचे गुण प्रगतिपुस्तकात दिसत. मुलाचे नेमके कुठे अडले, हे दिसत नसे.

या बदलाची पूर्वतयारी जुनी होती. 1972 मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगावर आधारलेला विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही त्याला हातभार लावला. तेथे पुस्तक उघडून लेखी परीक्षा देता येई आणि प्रात्यक्षिक परीक्षाही होई. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा पुरस्कार केला, तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने त्याला कायद्याचे बळ दिले.

परदेशातील संशोधनही याच दिशेने जात होते. रुथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्रायलमधील शाळकरी मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि गोडी वाढली. अभिप्रायाला गुणांची जोड दिली, तेव्हा हा लाभ दिसला नाही.

महाराष्ट्राने मात्र श्रेणी आणि नोंद दोन्ही ठेवल्या. अ-1 ते इ-2 अशा नऊ श्रेणी ठरल्या. पहिली-दुसरीत आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाला 70 टक्के भार मिळाला. सातवी-आठवीत तो 40 टक्के राहिला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय ही त्याची साधने होती.

विज्ञानात नोंदीचा कस प्रयोगात लागतो. रोपाला प्रकाश लागतो का, हे पाहताना मुलाने एक कुंडी उजेडात व दुसरी अंधारात ठेवली, पण पाणी कमी-जास्त घातले, तर ‘क-1’ या श्रेणीतून त्याला काहीच उमगत नाही. ‘दोन्ही कुंड्यांना सारखेच पाणी घालून पुन्हा पाहा’ ही नोंद पुढचे पाऊल दाखवते. ‘प्रयोग काळजीपूर्वक करतो’ हे वाक्य मात्र कोणत्याही मुलाला लागू पडते. मोठे वर्ग आणि अनेक विषय यांच्या ओझ्याखाली अशीच तयार वाक्ये उतरवली जाऊ लागली, आणि नोंदीचा हेतू हरवत गेला.

पुढे शिक्षण हक्क कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षेची तरतूद केली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची शिफारस करून स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन यांनाही त्यात स्थान दिले.