काजळाची शाई आणि कागदाचा खरेपणा

आपल्या खारबाव परिसरात गोदामं वाढली, जमिनीला भाव आला आणि पेटीतली जुनी कागदपत्रं बाहेर निघू लागली. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत ते कागद खरा कसा ओळखतात, याबद्दल.

पेशवाईतली मोडी पत्रं काजळ आणि डिंकाच्या शाईने लिहीत. काजळ म्हणजे आपण डोळ्यांत घालतो तेच. अशी शाई कुणालाही करता येई, त्यामुळे भिस्त शिक्क्यावर होती. लांब पत्रासाठी कागदाला कागद चिकटवत आणि सांध्यावर शिक्का मारत. मधला तुकडा बदलला, तर शिक्का जुळत नसे.

इंग्रजी अमलात मुद्रांक विलायतेहून छापून येत. पुढे १९२५ मध्ये नाशिकरोडला सरकारी छापखाना उभा राहिला. आता भिस्त खास कागदावर, शाईवर आणि यंत्रांवर आली. अब्दुल करीम तेलगीने मात्र तिथून मोडीत निघालेली यंत्रंच मिळवली! २००१ मध्ये त्याला अजमेरला अटक झाली. बनावट मुद्रांकांचा साठा आपल्या भिवंडीतही सापडला. २००७ मध्ये पुण्याच्या न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली.

यंत्र चोराच्या हाती जाऊ शकतं, म्हणून शास्त्रज्ञांनी शाईतच कुलूप घालायचं ठरवलं. आपला केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. नव्या शायांमधले काही कण जेमतेम काही नॅनोमीटरचे असतात. काही पदार्थांत कण लहानमोठा झाला की त्याच्या चमकेचा रंगच बदलतो. झेरॉक्समध्ये ही चमक उतरत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने तर अशी शाई केली आहे, जी एका अतिनील दिव्याखाली लाल आणि दुसऱ्या दिव्याखाली हिरवी चमकते. गंमत म्हणजे, आपल्या काजळीचे कणही नॅनोच्याच मापाचे!

पण शाई फक्त कागद खरा आहे एवढंच सांगते. त्यावर लिहिलेलं खरं की खोटं, हे ती सांगत नाही. शिवाय तो दिवा आपल्या घरी नसतो. म्हणून सही किंवा अंगठा देण्याआधी मजकूर पूर्ण वाचून घ्या. ताजा सातबारा आणि फेरफार काढा. दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची दोनची नक्कल मागा आणि त्यात आपलं नाव शोधा. माहेरच्या जमिनीचा कागद असेल, तर हे आधी करा.

पूर्वी सांधा कारकून तपासायचा. आता तो आपणच तपासायचा आहे.