अश्वशर्यतींचे पूर्वानुमान

शर्यतीच्या दिवशी धावणाऱ्या घोड्यांचा आगाऊ आढावा घेऊन प्रत्येक शर्यतीतील संभाव्य विजेते निवडण्याच्या पद्धतीस अश्वशर्यतींचे पूर्वानुमान असे म्हणतात. लोकव्यवहारात त्यास ‘टिप’ व ती देणाऱ्यास ‘टिपस्टर’ ही इंग्रजीतून आलेली नावे रूढ आहेत. महाराष्ट्रात मुंबई (महालक्ष्मी) व पुणे येथे परवानाधारक शर्यती होतात. शर्यतीच्या दिवशी सकाळच्या वर्तमानपत्रांत आणि मैदानाबाहेर विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांत असे अंदाज छापण्याची परंपरा आहे. हा अंदाज ज्ञानावर आधारलेला असतो की तो केवळ नशिबाचा कौल असतो, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा वाटतो. परंतु घोड्यांवरील पैज कायदेशीर ठरावी की नाही, हे भारतात अखेर याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिले.

घोड्याचे लेखी वर्णन करून ते जपून ठेवणे हा पूर्वानुमानाचा पाया होय. ही प्रथा दख्खनमध्ये शर्यतींच्या कितीतरी आधी, लष्करी गरजेतून रुजली होती. अलाउद्दीन खल्जी (कार. १२९६–१३१६) याने सैन्यातील घोड्यांना डाग देण्याची व स्वारांची हुलिया नोंदण्याची पद्धत अवलंबिली. याच खल्जीने गादीवर येण्यापूर्वी देवगिरीवर स्वारी केली होती. अकबराच्या कारकीर्दीत ही पद्धत अधिक शिस्तबद्ध झाली. आईन-इ-अकबरीमध्ये घोड्यांचे अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी व जंगला असे सात वर्ग दिलेले आहेत. शाहजहानच्या काळातील दख्खन सुभ्यांचे ‘अर्ज व चेहरा’ या नावाचे कागद उपलब्ध असून त्यांत स्वाराच्या चेहऱ्याच्या वर्णनाबरोबरच त्याच्या घोड्याचा वर्ग, रंग, अंगावरील खुणा व डाग यांची नोंद आढळते. मोगल अमदानीचे हे दफ्तर दीर्घकाळ औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे होते; पुढे ते हैदराबादला हलविण्यात आले. हजेरीच्या वेळी चांगला घोडा दाखवून नंतर त्या जागी भाडोत्री तट्टू उभे करण्याची लबाडी रोखणे, हा या नोंदींचा हेतू होता. आजही शर्यतीपूर्वी घोड्याची ओळख पटविताना त्याच्या अंगावरील खुणा तपासल्या जातात, त्यामागील शंका मूलतः तीच आहे.

मात्र या कागदांवरून घोडा कोणता हे कळे. तो किती वेगाने धावेल हे कळत नसे. घोड्याचे भवितव्य सांगण्याचा दावा करणारी विद्या वेगळी होती. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली परंपरा, नकुलाच्या नावावर असलेले अश्वशास्त्र आणि जयदत्ताचे अश्ववैद्यक यांत घोड्याच्या अंगावरील आवर्त म्हणजे भोवरे, रंग, दात व आवाज यांवरून त्याची परीक्षा सांगितली आहे. चारही पाय व तोंड पांढरे असलेला ‘पंचकल्याण’ घोडा शुभ मानला जाई. भोवऱ्यांच्या स्थानावरून धन्याचा लाभ वा घात वर्तविला जाई. दातांवरून वय ओळखण्यासारखा भाग अनुभवसिद्ध असून तो आजही उपयोगी पडतो. उरलेले बरेचसे भाकीत घोड्याच्या वेगाविषयी नसून घोडा धन्यास धार्जिणा आहे की नाही याविषयी आहे. माळेगाव (जि. नांदेड) व सारंगखेडा (जि. नंदुरबार) येथील यात्रांतील घोडेबाजारांत आजही खुणा व चाल पाहूनच किंमत ठरते. गिऱ्हाईक तेथे रेवाल चालीला व डौलाला पैसे मोजते, सेकंदांना नव्हे.

वेगाची मोजदाद इंग्रजांच्या शर्यतींबरोबर आली. मुंबईत एकोणिसाव्या शतकात भायखळ्याच्या मैदानावर शर्यती होत असत. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीस हलल्या. पुण्याच्या लष्करी छावणीतील मैदान १८३० पासूनचे आहे. हैदराबाद संस्थानात, ज्यात तेव्हा औरंगाबादसह सर्व मराठवाडा मोडत होता, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मलकपेठ येथे शर्यतींचे मैदान सुरू झाले. खुद्द औरंगाबादेत घोडदळाची छावणी होती, तथापि परवानाधारक शर्यतींचे केंद्र तेथे उभे राहिले नाही. वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची स्थापना १९२५ मध्ये झाली व १९३५ मध्ये त्यास ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. याच क्लबने पुढे मुंबई व पुणे येथील शर्यतींचे नियंत्रण केले. इंडियन डर्बी ही शर्यत प्रथम १९४३ मध्ये झाली आणि बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने ती जिंकली.

प्रारंभीच्या काळात मुंबईत प्रामुख्याने अरबी घोडे धावत. इराणी आखातातून गलबतांनी आलेल्या या घोड्यांची वंशावळ ठाऊक नसे, पूर्वीच्या धावा अर्थातच नसत आणि वयही दातांवरूनच ठरवावे लागे. लहान चणीच्या घोड्यांना त्यांच्या उंचीच्या प्रमाणात वजन देण्याची रीत होती. अशा स्थितीत अंदाज बांधणारा माणूस व्यापाऱ्याच्या तबेल्यात जाऊन घोडा डोळ्यांनी पारखी. त्याच्यात व शालिहोत्र जाणणाऱ्या सालोत्र्यात फारसे अंतर नव्हते. थरोब्रेड घोडे आले आणि त्यांच्याबरोबर छापील वंशावळ व धावांचा इतिहास आला, तेव्हा पूर्वानुमानाचे खरे साहित्य निर्माण झाले.

दिवसाच्या आढाव्याचा आरंभ शर्यतपत्रिकेपासून होतो. तीत घोड्याचा क्रमांक, नाव, वय, रंग, माता-पिता, मालक, प्रशिक्षक, जॉकी, वाहावयाचे वजन व सुरुवातीच्या फाटकातील जागा दिलेली असते. अभ्यासक यापुढे घोड्याच्या मागील धावा पाहतो. केवळ कितवा आला हे पाहून भागत नाही. कोणत्या अंतरावर, किती वजन घेऊन, कोणाविरुद्ध आणि किती ‘लांबी’ मागे राहून, हे पाहावे लागते. घोड्याच्या शरीराएवढे अंतर म्हणजे एक लांबी. त्याहून कमी फरक ‘मान’, ‘डोके’ अशा शब्दांत सांगतात. मध्यम पल्ल्याच्या शर्यतीत एका लांबीस सुमारे एक किलोग्रॅम असा ढोबळ हिशेब धरला जातो. गेल्या खेपेस समान वजन असताना दोन लांबींनी हरलेल्या घोड्यास या खेपेस तीन किलोग्रॅम कमी वजन मिळाले, तर कागदावर तो जिंकावयास हवा. शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते; तिचा लाभ त्याच्या अननुभवाच्या तोट्याहून अधिक आहे काय, हेही ठरवावे लागते. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे यांसारख्या नामांकित मराठी जॉकींची घोड्यावर नेमणूक झाली, एवढ्यावरूनच लोक त्या घोड्याकडे वळत.

सकाळच्या सरावाच्या नोंदी हा आढाव्याचा दुसरा आधार. ६०० मीटरला अमुक सेकंद, ‘सहज’ किंवा ‘रेटून’, अशा तुटक शब्दांत त्या छापल्या जातात. आकड्यापेक्षा हा एक शब्द अधिक मोलाचा असतो. कारण रेटून काढलेले ३८ सेकंद हे सहज काढलेल्या ३९ सेकंदांहून चांगले असतीलच असे नाही. तिसरा आधार मैदानाचा. मुंबईचा हंगाम साधारणतः हिवाळ्यापासून वसंतापर्यंत व पुण्याचा पावसाळ्यात असतो. जमिनीत शलाका किती रुतते हे मोजणाऱ्या पेनेट्रोमीटर उपकरणाचा आकडा शर्यतीच्या दिवशी जाहीर केला जातो. महालक्ष्मीच्या टणक हिरवळीवर चमकलेला घोडा पुण्याच्या ओल्या मातीत मागे पडतो आणि ऑगस्टमधला विजेता जानेवारीत ओळखू येत नाही. अनुभवी टिपस्टर म्हणूनच शर्यतीच्या आदल्या रात्रीच्या पावसाची वाट पाहून मगच निवड पक्की करतो.

या सर्व अभ्यासाविरुद्ध एक अधिकारी काम करीत असतो, त्यास हँडिकॅपर म्हणतात. जिंकणाऱ्याचे गुणांकन तो वाढवितो, हरणाऱ्याचे उतरवितो. भारतातील पद्धतीत गुणांकनातील एका गुणास अर्धा किलोग्रॅम वजन असे प्रमाण आहे. सर्व घोडे एकाच क्षणी अंतिम रेषेवर पोहोचावेत, हे त्याचे ध्येय. ते पूर्णतः साधले, तर पूर्वानुमानास जागाच उरणार नाही. तेव्हा टिपस्टर वस्तुतः घोड्याचा नव्हे, तर हँडिकॅपरच्या चुकीचा शोध घेत असतो. काही प्रशिक्षक घोड्याला मुद्दाम काही धावांत मागे ठेवून त्याचे वजन उतरवून घेतात, असा संशय फार जुना आहे. शर्यतींचे पंच अशा प्रकारांची चौकशी करून शिक्षा करतात; पण कागदावरील हिशेबात न बसणारा विजय आला, की प्रेक्षक प्रथम हाच संशय घेतात. पुष्कळदा तो खराही नसतो.

डर्बीसारख्या मानाच्या शर्यतींत हँडिकॅप नसतो, तरीही खात्री मिळत नाही. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या दोन घोड्यांचा वृत्तांत या दृष्टीने लक्षणीय आहे. १९४५ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनी या तेव्हाच्या विक्रमी किमतीस घेतले. कारण ते त्याच वर्षी डर्बी जिंकणाऱ्या ‘डांटे’चे सख्खे भावंड होते. किंमत म्हणजे वंशावळीवरून केलेले पूर्वानुमानच होते. ‘सयाजीराव’ हे नाव मिळालेला हा घोडा १९४७ च्या डर्बीत तिसरा आला, परंतु त्याच वर्षी सेंट लेजर जिंकून त्याने भाकीत बऱ्याच अंशी खरे केले. पुढील वर्षी महाराजांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकली, डर्बीत तो सर्वांची पहिली पसंती होता आणि चौथा आला. भारतात १९७७ ची इंडियन डर्बी जिंकणारा ‘स्क्वाँडरर’ आपल्या १९ पैकी १८ शर्यतींत विजयी झाला. अशा घोड्याचा अंदाज करण्यास टिपस्टर लागत नाही, आणि पैसेही फारसे मिळत नाहीत.

अंदाज बरोबर येणे व त्यातून लाभ होणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. झोसेफ ऑले याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रूढ केलेल्या सामायिक पैजपद्धतीत (टोटॅलिझेटर, बोलीत ‘टोट’) सर्व पैजांची रक्कम एकत्र करून, कर व खर्च वजा जाता, उरलेली विजेत्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत वाटली जाते. समजा, एका शर्यतीत एक लाख रुपये जमले, वीस हजार वजा झाले आणि पहिल्या पसंतीच्या घोड्यावर चाळीस हजार लागले आहेत. तो जिंकल्यास रुपयास दोन रुपये मिळतील. म्हणजे लोक ज्याची संधी शंभरात चाळीस मानतात, तो घोडा शंभरात पन्नासांहून अधिक वेळा जिंकला, तरच पैज लावणाऱ्यास काही उरेल. घोड्याला ओळखणे पुरेसे नाही. इतर सर्वांनी मिळून केलेल्या अंदाजाहून वजावटीएवढे अधिक ओळखावे लागते. शिवाय छापलेली टिप लोकांनी मानली, की त्या घोड्यावर पैसे वाढतात आणि परतावा घटतो. नाव कमावलेला टिपस्टर आपल्याच वाचकांचा लाभ असा कमी करतो. अनेक देशांतील नोंदींनुसार पहिली पसंती साधारणतः एक तृतीयांश शर्यती जिंकते. रिचर्ड ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दाखविले, की लोक क्वचित जिंकणाऱ्या घोड्यांवर प्रमाणाबाहेर पैसे लावतात. विल्यम बेंटर याने हाँगकाँगमध्ये संगणकाच्या साहाय्याने सातत्याने नफा मिळविला. १९९४ मध्ये पद्धत प्रसिद्ध करताना त्याने स्वतःच्या गणितात लोकांच्या पसंतीचाही अंतर्भाव आवश्यक मानला. मुंबई-पुण्यात पगाराच्या दिवसाची रक्कम घेऊन आलेल्या नोकरदाराजवळ यांपैकी काही नसे. होती ती पुस्तिका आणि शेवटच्या शर्यतीत सारे भरून निघेल ही आशा. कर्जाचा फेरा बहुधा त्या शेवटच्या शर्यतीपासून सुरू होई.

कायद्याने या व्यवहाराकडे दुटप्पी नजरेने पाहिले. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाने जुगारास बंदी केली, पण परवानाधारक मैदानावरील घोड्यांच्या पैजांस ठरावीक अटींवर वगळले. १९१२ मध्ये शर्यत-मैदानांच्या परवान्यांचा स्वतंत्र अधिनियम झाला. तमिळनाडू सरकारने मात्र १९७४ मध्ये ही सवलत काढून शर्यतींवर बंदी घालणारी दुरुस्ती केली. त्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला, की घोड्याची शक्ती, प्रशिक्षण, जॉकीचे कसब आणि पैज लावणाऱ्याने केलेला या सर्वांचा विचार पाहता ही शर्यत प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असून जुगार नव्हे. निर्णयाचा युक्तिवाद पाहता, वर्षानुवर्षे टिपस्टर ज्या गोष्टी छापत आले त्याच गोष्टी न्यायालयाने पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या. कौशल्य असणाऱ्यासही वजावटीनंतर काय उरते, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. करव्यवस्थेने त्याचे उत्तर वेगळ्या दिशेने दिले: २०१७ पासून घोड्यांवरील पैजांस कॅसिनो व लॉटरी यांच्याच पंक्तीस बसवून २८ टक्के वस्तू व सेवा कर लावण्यात आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हा दर ४० टक्के करण्यात आला.