नांदेड विमानतळ : धावपट्टी व विमानप्रकार

महाराष्ट्र राज्यातील एक प्रादेशिक विमानतळ. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील प्रवाशांनाही तो सोयीचा आहे. १९५८ मध्ये उभारलेल्या या विमानतळाचे नूतनीकरण २००८ मधील गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्यानिमित्त करण्यात आले. धावपट्टी सु. २,३०० मी. लांब आहे.

लहान विमानतळाचा विस्तार योजताना तेथे कोणते विमान उतरावयाचे, हे प्रथम ठरवावे लागते. धावपट्टीची लांबी व भारक्षमता, विमाने उभी करण्याची जागा आणि अग्निशामक व्यवस्था ही त्यावरच अवलंबून असतात. पूर्ण भारासह उड्डाणास समुद्रसपाटीवरील प्रमाण हवामानात सु. ७० आसनी एटीआर-७२ या टर्बोप्रॉप विमानास सु. १,३५० मी., तर सु. १८० आसनी एअरबस ए-३२० या जेट विमानास सु. २,१०० मी. धावपट्टी लागते. उंची व उष्णता यांमुळे हवा विरळ होते. म्हणून उंचीच्या दर ३०० मी.स ७ टक्के आणि प्रमाण तापमानाहून अधिक अशा दर अंशास १ टक्का लांबी वाढवून धरतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही वाढ दुर्लक्षून चालत नाही.

एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली ट्रूजेटने हैदराबाद–नांदेड सेवा एटीआर-७२ विमानाने सुरू केली. डिसेंबरमध्ये एअर इंडियाच्या जेट विमानाने नांदेड अमृतसरशी जोडले गेले. ट्रूजेटची सेवा २०२२ मध्ये बंद पडली. २०२४ मध्ये स्टार एअरने ७६ आसनी एंब्रेअर-१७५ विमान आणले. सोहळ्याच्या गर्दीसाठी सज्ज केलेल्या विमानतळावर नित्याची वाहतूक अशा प्रकारे मुख्यतः लहान विमानांनी सांभाळली. धावपट्टी मोठ्या विमानास वाव देते. त्यातील आसने भरण्याची हमी मात्र देत नाही.