तळटीप : बिरवाडीची कामगारवस्ती

मौजे बिरवाडी, तालुका महाड. जिल्हा पूर्वी कुलाबा, १९८१ पासून रायगड. सावित्रीस मिळणाऱ्या काळ नदीच्या खोऱ्यातील वाड्यावस्त्यांची ही बाजारपेठ. भातशेतीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर वर्ष निभत नसल्यामुळे महाड-पोलादपूरकडील ज्या गावांनी आपले कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या कापडगिरण्यांत धाडले, आणि लालबाग-परळच्या चाळींत गावकऱ्यांच्या सामाईक खोलीवर वळकटी टाकून, खानावळीत जेवून, पाळीप्रमाणे आलटूनपालटून निजणाऱ्या त्या पुरुषांच्या मनिऑर्डरींवर ज्यांचा प्रपंच चालला, त्यांच्याच उंबरठ्याशी महाडची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तेव्हा स्थलांतराचा ओघ उलटला व परप्रांतीय मजूर बिरवाडीत भाडेकरू झाला. एका खोलीत अनेकांचे बिऱ्हाड, दाराशी चिखलाने माखलेले कारखान्याचे बूट, रात्रपाळीहून आलेल्यासाठी झाकून ठेवलेला भात : परळची ती जुनी खोलीच येथे पुन्हा वसली आहे. ग्रंथकर्त्याने पेठेचे वर्णन मनःपूर्वक केले आहे. परंतु सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नाही अशा या रहिवाशांचा उल्लेख त्यात नसावा, ही आम्हांस ग्रंथातील मोठी उणीव वाटते, आणि तेवढ्याचसाठी ही टीप विस्ताराने दिली आहे.