पॅजेटचा विकार : इसबाआडचा कर्करोग

स्तनाग्राची त्वचा लालभडक, सोलवटल्यासारखी होते, पिवळसर चिकट पाणी पाझरते. खाज आणि आग काही केल्या थांबत नाही. पाहणाऱ्याला ते इसब वाटते. लंडनचे शल्यचिकित्सक सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयाच्या अहवालात अशा १५ स्त्रियांची हकीकत मांडली. कोणत्याही उपचाराला तो चट्टा दाद देत नव्हता. ज्यांच्यावर त्यांना पुढे लक्ष ठेवता आले, त्या प्रत्येकीला फार तर दोन वर्षांत, बहुधा वर्षभरातच, स्तनाचा कर्करोग झाला.

आधी चट्टा, मग त्याच्या जुनाट दाहातून कर्करोग, असा क्रम पॅजेट यांनी लावला. निरीक्षण अचूक होते, क्रम उलटा होता. चट्ट्यात सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या, फिकट पेशी दिसतात. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ दारिए यांना १८८९ मध्ये त्या परजीवी वाटल्या. त्या कर्करोगाच्याच पेशी असून आतल्या दुग्धनलिकांमधून त्वचेत शिरतात, हे मत १९०४ मध्ये याकोबेउस यांनी मांडले. आज तेच बहुतांशी मान्य आहे. म्हणजे चट्टा दिसतो तेव्हा आत कर्करोग बहुधा आधीच असतो.

स्तनाच्या एकूण कर्करोगांत हा प्रकार १ ते ३ टक्केच आढळतो. विसाव्या शतकात बराच काळ संपूर्ण स्तन काढणे हाच उपाय होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात ६१ रुग्णांचे स्तनाग्र व भोवतीचा भाग काढून विकिरणोपचार दिले गेले. त्यांपैकी बहुतेकींचा कर्करोग नलिकांपुरताच होता. पाच वर्षांत सुमारे ५ टक्के रुग्णांतच तो त्या स्तनात उलटला.

आयुष्य किती, हे चट्ट्यावर नव्हे तर आतल्या कर्करोगावर ठरते. अमेरिकेतील १९८८ ते २००२ या काळातील नोंदींनुसार, कर्करोग नलिकांपुरताच असलेल्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणी पंधरा वर्षांनंतरही या रोगाला बळी पडल्या नव्हत्या. तो नलिकांबाहेर पसरलेला असल्यास हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास होते. मधले अंतर मोठे आहे, आणि मलमे लावण्यात गेलेले महिने म्हणूनच महाग पडतात.

इसब बहुधा दोन्ही बाजूंना, स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळावर उमटते. हा विकार एकाच बाजूला, थेट स्तनाग्रावर सुरू होऊन बाहेर पसरतो. असा चट्टा काही आठवड्यांत बरा झाला नाही तर त्वचेचा तुकडा तपासून घेतलाच पाहिजे, मलमाने लाली तात्पुरती ओसरली तरीही.